पहिले दोन आटे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. नऊ वर्षं झाली — सांगायला तोंड उघडलं की मी कंप्रेसरबद्दलच बोलत सुटतो. आताही सुरुवात तिथूनच होतेय.

पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा भरणारा कंप्रेसर म्हणजे पंक्चरवाल्याकडचं यंत्र नव्हे. त्याचा दाब असा, की जोडाला केसाएवढी फट राहिली तरी साबणाचं पाणी फेसाळतं. म्हणून जोडाच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. पण टोकाचे पहिले दोन आटे उघडे सोडायचे. तिथली टेप पिळवटते, तुटते आणि तिचे धागे हवेबरोबर आत जातात. आज कुणीही विचारलं तर मी हे पाठ म्हणून दाखवीन. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं.

नाही — हेही खरं नाही. मला सांगितलं गेलं होतं.

सांगणारे काशीराम काका. राम घाटावर नाव चालवणाऱ्या घरातले, शाळा न पाहिलेले, पण बचाव पथकातले सगळ्यात जुने पाणबुडे. आणि मी? आमच्या खानदानात पदवी घेतलेला पहिला माणूस. वडील बँकेत शिपाई होते, बदलीवर इथे, या हिंदी मुलखात आले आणि इथलेच झाले. टावर चौकाजवळच्या माझ्या वर्कशॉपच्या पाटीवर नावापुढे ‘बी. ई.’ रंगवून घेताना ते स्वतः शिडी धरून उभे होते. त्या दोन अक्षरांचा मला अभिमान होता. अजूनही आहे, काय लपवू?

पर्वस्नानाच्या आधी घाटावर बचाव पथकाचा सराव होता; त्यांचा कंप्रेसर मी सांभाळायचो. हवा गाळून झाल्यावरचा, भरायच्या नळीचा जोड गळत होता. मी टोकापासून टेप गुंडाळत होतो — चांगली जाड. काका उकिडवे बसून बघत होते.

“इंजीनियर साब, आगे की दो चूड़ी उघाड़ी छोड़ो.”

“काका, डिग्री मेरे पास है कि आपके पास?”

पथकातली पोरं खो खो हसली. काकाही हसले, माझी खोड काढावी तसं म्हणाले, “मेरे पास तो बस फेफड़े हैं, साब.” जोड घट्ट बसला. एक बुडबुडा नाही. मी खुशीत.

दुपारी, साहेब लोकांसमोर, काका त्याच जोडातून भरलेला सिलिंडर पाठीला लावून उतरले. गढूळ पाण्यात तळ चाचपायला डोकं खाली करून जावं लागतं. मिनिटभरात ते धडपडत वर आले — तोंडातली नळी सोडलेली, डोळे फिरलेले, खोकला थांबेना. म्हणाले, हवा बंद झाली. मी सिलिंडर पायरीवर उभा केला, नळीच्या तोंडाचं हवा सोडायचं बटण दाबलं. फस्सकन हवा आली. चार वेळा आली. “मशीन ओके है,” मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं, हे शपथेवर सांगतो.

मग कुणीतरी म्हणालं, बुढ्ढा घबरा गया. झालं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये, सिलिंडरची हवा त्या नळीत सोडणारा रेग्युलेटर मी उघडला. आतल्या जाळीवर पांढरे धागे चिकटले होते. सिलिंडर उलटा केला, झडप काढली — तिच्या तोंडाशी आणखी एक चुरगळलेला तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. मला सगळं समजलं. सिलिंडर उभा असला की हा तुकडा तळाशी पडणार. माणूस डोकं खाली करून गेला की तो हवेच्या वाटेत येणार. तो मी चिमट्यात धरून किती वेळ बघत बसलो — आणि मग फुंकर मारून उडवला. फुंकर मारली मी. काकांच्या श्वासात अडकलेली गोष्ट.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित... पण दोन दिवसांनी काका स्वतः आले. बाकावर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. पथकातून नाव काढलं होतं. ते भांडायला आले नव्हते. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

“साब, आप पढ़े-लिखे हो. सच बताना. मशीन ठीक थी ना? मैं ही डर गया था?”

मी पाटीकडे बघितलं नाही, त्यांच्याकडेही नाही. पाना पुसत म्हणालो, “उमर हो जाती है, काका.”

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

आता ते घाटावर नाववाल्यांकडे बसून यात्रेकरूंना जाकिटं बांधून देतात. गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाहीत. कुणी विचारलं तर स्वतःच सांगतात — मैं डर गया था. मी कितीदा ठरवून गेलोय. समोर उभा राहतो, ते “आओ इंजीनियर साब” म्हणून जागा करून देतात, आणि मी चहा पिऊन परत येतो. आणि प्रत्येक जोडाचे पहिले दोन आटे उघडे सोडतो.

ते घाबरले नव्हते. मी घाबरलो होतो.

आज हे लिहून टाकलं — पण मराठीत. काशीराम काकांना मराठी येत नाही, आणि वाचता तर काहीच येत नाही. हे मला लिहायला बसण्याआधीच माहीत होतं.