बोईसरच्या हॉटेलातली वांग्याची ऑर्डर

अन्याय झाला तो बोईसरजवळच्या नवापूर गावातल्या एका वेटर मुलीवर. धुळवडीनंतरच्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणाच्या गर्दीत. बोईसरच्या कारखान्यांना शुक्रवारी सुटी, म्हणून वारही पक्का लक्षात आहे. तेव्हा मी पोलिसात होतो आणि तपास माझ्याकडे होता. पुढे ती नोकरी मी लवकरच सोडली. आता हॉटेल कामगारांसाठी पत्रकं लिहितो. पण ती घटना अजून डोक्यातून जात नाही. नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही.

सालवडला खोली घेऊन राहणारा, लातूरकडचा एक मशीन ऑपरेटर त्या दिवशी जेवायला आला. कोळंबी किंवा जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, पोटात गेली की त्याचा घसा सुजायचा. त्याने वांग्याची भाजी मागवली आणि मुलीला हे स्पष्ट सांगितलं. चार घास खाल्ले आणि त्याला श्वास घेता येईना. जीव वाचला, तो डॉक्टरांमुळे. किनाऱ्यावर वांग्याच्या वाटणात भाजलेला जवळा घालतात. वाटून घातला की तो दिसत नाही. इथल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही आणि लातूरच्या माणसाला ती ठाऊक नसते.

रुग्णालयातून ठाण्यात खबर आली. भाजीचा नमुना सील केला, पंचनामा झाला, रुग्णाच्या भावाने फिर्याद दिली. हॉटेलमालक स्वतःहून जबाब द्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बिलाची प्रत.

"बघा साहेब, बिलावर काही सूचना आहे का? नाही ना? मशीन खोटं बोलत नाही. पोरीने आत कळवलंच नाही. लक्ष सगळं मोबाईलमध्ये."

ऑर्डर घेण्याचं आणि बिलाचं ते मशीन, ज्याला धंद्यात पॉस म्हणतात, मालकाने नुकतंच बसवलं होतं. वेटरने टॅबवर ऑर्डर टाकायची, स्वयंपाकघरातल्या प्रिंटरवर चिठ्ठी निघायची, चिठ्ठी वाचून भटाऱ्याने भाजी टाकायची.

मुलगी बाकावर बसून होती. तिला एका कारखान्यात कायमची नोकरी लागली होती, फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी बाकी होती. 'निष्काळजीपणाने जीव धोक्यात घालणे' असा गुन्हा नावावर लागला असता तर ती नोकरी गेलीच असती.

"आत सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"मशीनमदे लिवलं, सायब. जवळा नको, घसा सुजतो. असंच लिवलं."

"ओरडून का नाही सांगितलं? जिवाचा प्रश्न होता."

"शेठनी ओरडायला बंदी केली हाय. म्हणतात, मशीन काय शोभेला आणलंय? कोन ओरडलं की सगळ्यांसमोर मासळी बाजार म्हणतात आमाला."

ठाणे अंमलदार माझ्या कानाशी म्हणाले, "सगळे असंच म्हणतात. टाका नाव, मोकळे व्हा." मोकळे व्हा! आपल्याकडे गरिबाचं नाव टाकून किती जण मोकळे झालेत, याची कुणी मोजदाद केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुरबे गावची एक बाई मासळीची पाटी घेऊन ठाण्यात आली.

"सायब, त्या पोरीला तुमी काल बसवून ठेवलंत ते बरोबर नाय."

"तुमचा काय संबंध?"

"त्या हाटेलात जवला मीच देते. भटारी माज्यासमोर बोंबललाय, मशीनच्या कागदावर खालचं काय कलत नाय म्हनून. शेठ म्हनाला, तू तुजं काम कर."

"हे लिहून देणार?"

"देते की! पन आधी माजी पाटी कोन बघनार? तुमच्या दारात मांजर बसलंय, त्याला अटक करा पयली."

एका शिपायाला पाटीजवळ उभं केलं आणि तिचा जबाब घेतला.

मग पंच आणि मुलीला घेऊन हॉटेलात गेलो. मालकाला गल्ल्यापाशी थांबवलं आणि मी प्रिंटरजवळ उभा राहिलो. मुलीला सांगितलं, त्या दिवशी जशी टाकलीस, तशीच ऑर्डर टाक. तिने सूचना मराठीत लिहिली. टॅबवर ती स्वच्छ दिसत होती, पंचांनी मोठ्याने वाचली. प्रिंटर कुरकुरला, चिठ्ठी बाहेर आली. वर इंग्रजीत वांगी मसाला, एक प्लेट. खाली सूचनेच्या जागी रिकाम्या चौकोनांची ओळ. प्रिंटरला मराठी अक्षरं छापताच येत नव्हती.

उत्तरेकडचा भटारी म्हणाला, "ये तो रोज का है, साहब. उस दिन भी बैंगन के नीचे ऐसे ही डिब्बे थे. सेठ को बोला था. बोले, मशीन का कचरा है, ध्यान मत दो."

मालकाला आत बोलावलं. तो चिठ्ठीकडे न बघताच म्हणाला, "अहो, सॉफ्टवेअरवाल्याला फोन करायचा राहून गेला. आणि तिने इंग्रजीत लिहायचं ना!"

"इंग्रजीत लिही, असं सांगितलं होतं?"

तो प्रिंटरचा कागद सरळ करायला लागला.

"टॅबवर मराठी कीबोर्ड कुणी टाकला?"

"मीच. यांना सोपं पडावं म्हणून."

"आणि बिलावर सूचना कधीतरी छापली जाते का?"

"...नाही. ती फक्त आतल्या चिठ्ठीवर."

म्हणजे ज्या कागदावर सूचना कधी येतच नाही, तो कागद घेऊन हा माणूस एका मुलीला गुन्हेगार ठरवायला ठाण्यात आला होता. आणि ज्या कागदावर ती यायला हवी होती, तो बिघडल्याचं त्याला माहीत होतं. मला राग याचा आहे. मशीन कुणाचंही बिघडतं. बिघाड माहीत असून तोंडी सांगण्यावरची बंदी तशीच ठेवायची आणि दोष वेटरवर ढकलायचा, हे बिघडणं नव्हे.

मुलीचं नाव आरोपी म्हणून लागलं नाही. मालकाचं लागलं. सॉफ्टवेअरवाला आला, सेटिंगमधला एक पर्याय बदलला आणि भटाऱ्याचा चहा संपायच्या आत मराठी छापून यायला लागलं. पडताळणीच्या कागदावर मी सही केली तेव्हा मुलगी एवढंच म्हणाली, "सायब, तो मानूस बरा हाय ना? काय चालत नाय, ते आमी त्याला विचारून वाडलं होतं."

तपासात मी शिकलो ते एवढंच. मशीन विकत घेतलं म्हणजे काम झालं, असं धरून चालणारा मालक धोकादायक असतो. स्क्रीनवर काय दिसतं, यावर कुणाचा जीव अवलंबून नसतो. चुलीपाशी काय वाचता येतं, यावर असतो. गिऱ्हाइकाला काय चालत नाही, ते टाकायला वेगळं बटण हवं. भटाऱ्याने सूचना वाचून परत बोलून दाखवायला हवी. आणि मशीनबद्दल त्याने तक्रार केली तर ती त्याच दिवशी ऐकायला हवी.

तुमचं हॉटेल असेल, खाणावळ असेल, वडापावच्या गाडीवर मशीन असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा. तुमचे वेटर ज्या भाषेत लिहितात त्याच भाषेत एक सूचना टाका, आत जा आणि चिठ्ठी भटाऱ्याकडून वाचून घ्या. त्याला वाचता आली नाही, तर ती वाचता येईपर्यंत एकही ताट बाहेर पाठवू नका.