आण्णांच्या नावाचं तळं

मारुतीआण्णा गेल्याची बातमी मला त्यांच्या घरच्यांआधी खाणीच्या मॅनेजरने दिली. कोल्हापूरहून परतताना कोगनोळीच्या नाक्यावर बस अडकली होती, तेवढ्यात फोन आला. "तुमचे साहेब गेले हो," इतक्या मऊ आवाजात, की क्षणभर वाटलं बढतीवर गेले. एरवी आण्णांचं नाव घेताना ज्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्याला एवढा उमाळा! मी फोन ठेवला आणि आण्णांच्या घरी वैनींना लावला. त्या नुसत्या रडत होत्या...

आण्णा निपाणीचे, भूगर्भशास्त्र शिकलेले. मी येळ्ळूरचा, माती तपासण्यात नोकरी गेलेला. निवृत्तीनंतर सरकारने बंद खाणींच्या पाहणीसाठी आम्हा दोघांची समिती नेमली. बेळगावच्या पश्चिमेला डोंगर पोखरून बॉक्साइट नेतात, मग खड्डे बुजवून वर चार ठिकाणी गवत लावतात आणि डोंगर पूर्ववत झाला म्हणून सांगतात. आईच्या अंगावरचं लुगडं फेडून रुमाल पांघरावा, तशातली गत! पावसात तो उघडा उतार लाल चिखल होऊन खाली येतो. तो अडवायला पायथ्याशी तळं खणायचं, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि निवळलेलं पाणी ओढ्याला जातं. त्या ओढ्याच्या काठावरच खालच्या गावाची पिण्याची विहीर आहे. आम्ही एकदा पास केलं की कंपनी मोकळी. मग गावाने गाळ काढायला कुणाच्या पाया पडायचं?

पहिल्या पाहणीला तळं बघून मीसुद्धा भुललो होतो. बांधाला चुना, पाणी नितळ, त्यात चक्क रंगीत मासे सोडलेले. बरोबर आलेले अधिकारी लग्नघरच्या वऱ्हाडासारखे फोटो काढत होते, काजू खात होते. मॅनेजर म्हणाला, बघा साहेब, तळ दिसतोय. आण्णांनी काजूची बशी बाजूला सारली आणि विचारलं, "काढलेला गाळ कुठं टाकलासा?" मॅनेजर हसला. गाळ परत उतारावर न्यायला मजूर लागतात. त्यापेक्षा बांधापलीकडे ओढ्यात ढकलणं सोपं, आणि तेच केलं होतं. आण्णांनी नापास केलं. दुसऱ्या वर्षीही तेच नाटक आणि तोच शेरा.

परतताना मी म्हटलं, आण्णा, जरा गोडीनं घ्या. तर म्हणाले, "तू लई गोड हाईस रं, परश्या. मुंग्या लागतील." मग स्वतःहून सांगायला लागले. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत होती. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी वखार लख्ख झाडलेली असायची, आणि साहेब खूश होऊन जायचे. "झाडायची कोन? आमची आई. ती धूळ तिच्या छातीत गेली. साहेबानं फरशी बघिटली, आईला न्हाय." आण्णा तुसडे होते, माणसं तोडायचे, माझाही चारचौघांत पाणउतारा करायचे. तरी त्या दिवसापासून मला त्यांचा राग कधी आला नाही.

ते गेल्यावर पंधरवड्यात खाणीवर शोकसभा ठेवली. आधी नापास करणारा माणूस मेला म्हणून आनंद, मग त्या आनंदालाच हार! तळं पुन्हा लख्ख घासलेलं, बांधावर आण्णांचा फोटो आणि शेजारी पडद्याआड पाटी: त्यांच्या नावाचं 'स्मृतिसरोवर'. ज्यांनी त्यांना कधी खुर्ची दिली नाही, ते आण्णांना पर्यावरणाचे पुजारी वगैरे म्हणत होते. पुजारी म्हणे! मॅनेजर माझ्या कानाशी लागला, की आता साहेबांच्या नावाचं तळं नापास करणं बरं दिसणार नाही, समितीवर नवा माणूस येण्याची वाट कशाला बघायची, तुम्हीच सही करून टाका. निर्लज्जपणालाही काही काठ असावा.

मी उठून बांधामागे गेलो. ओढ्यात लाल गाळाचे ढीग तसेच ओले होते. वैनी मागून आल्या होत्या. त्यांनी ढीग बघितले, मग मला विचारलं, "भावजी, सही करनार व्हय?" मी म्हटलं, न्हाय.

त्या परत फिरल्या. पाटीवरचा पडदा ओढायचा मान त्यांचा होता. तो ओढला, आणि टाळ्या थांबायच्या आत मॅनेजरला म्हणाल्या, "नाव ह्येंचं लावलासा न्हवं? मग खाली शेरा बी ह्येंचाच लिवा. नापास म्हनून."

त्याच दुपारी मी तोच शेरा लिहून वर धाडला. कंपनीला ओढ्यातला गाळ उचलून उतारावर न्यावा लागला. पाटी त्यांनी रातोरात काढली, मासे बहुधा कुणी खाल्ले. परवा जाऊन आलो. पाऊस लागलाय, गाळ तळ्यातच अडकून तळं लालभडक झालंय, आणि ओढ्याला पाणी निवळून जातंय. खालच्या गावची माणसं पाटी नसतानाही त्याला आण्णांचं तळं म्हणतात. घाण आहे. आण्णांनी पास केलं असतं, इतकं घाण.