उद्घाटनाची स्लाइड

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई आहे मी. ब्लड कॅन्सरची डॉक्टर, निम्मं आयुष्य संशोधनात गेलेलं. मायक्रोस्कोपखाली दिसेल तेच खरं, बाकी सगळ्या गप्पा... आणि नेमका त्या मायक्रोस्कोपनंच माझा घात केला.

आमचं गाव अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या जवळ. १९८१ साली माझा धाकटा भाऊ बाळू आजारी पडला. ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. गावात एकच डॉक्टर. नाव घ्यायची इच्छा नाही, नुसतं साहेब म्हणते. साहेब रोज लाल इंजेक्शन टोचायचे. औरंगाबादला नेऊ का, असं अण्णांनी — म्हणजे माझ्या वडिलांनी — विचारलं की म्हणायचे, मी काय मेलोय का? बाळूचं रक्त एकदाही कुणी तपासलं नाही. तो गेला. आणि साहेबांनी पारावर बसून सांगितलं की बापानं औषध बराबर दिलं न्हाई, म्हणून पोरगं गेलं. गावानं तेच खरं धरलं. अण्णा पुढे मरेपर्यंत त्या पारावर बसले नाहीत.

मी डॉक्टर झाले ती सेवाबिवा करायला नाही. डूख धरून शिकले. ह्याच माणसाकडून, ह्याच पारावर, चारचौघांत खरं वदवून घ्यायचं होतं मला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गावाजवळच अंकुशनगरला आमचं रक्ततपासणी शिबिर होतं. उद्घाटन म्हणजे फीत कापायची आणि पाहुण्यांनी पहिलं बोट टोचून घ्यायचं — फोटोपुरतं. पाहुणे कोण, तर साहेब! सत्तरीतले, धडधाकट. मला ओळखलंसुद्धा नाही. बोट मीच टोचलं, जरा जोरातच.

स्लाइड रंगवून लावली. जिकडे तिकडे ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी. तेही बहुतेक करून लहान मुलांत दिसतात त्या प्रकारचे. आमचा मायक्रोस्कोप शिकवायचा, दोघांनी एकाच वेळी बघायचा. समोरच्या बाजूनं माझे सहकारी डॉ. इनामदार तीच स्लाइड, त्याच क्षणी बघत होते. म्हणाले, "मॅडम, बिलकुल नॉर्मल आहे."

मुंबईला पाठवली. नॉर्मल. पुन्हा रक्त काढलं — मला ब्लास्ट, बाकी सगळ्यांना नॉर्मल. मी माझे डोळेही तपासून घेतले. दुसऱ्या पेशंटच्या स्लाइड मला अगदी व्यवस्थित दिसत होत्या.

मी साहेबांना सांगून टाकलं. रिपोर्ट सगळीकडे चांगलेच येतील, पण मला कॅन्सर दिसतोय. खोटं कशाला बोलू, सांगताना बरं वाटलं. आधी ते हसले. मग चार ठिकाणी तपासून आले आणि शेवटी दर महिन्याला औरंगाबादला माझ्याच दारात बसायला लागले. झोप उडाली, अन्न जाईना, माणूस वाळून गेला. एक दिवस विचारलं, काय केलं म्हंजे जाईल हे? तेव्हा मी सांगितलं की मी बाळूची बहीण. पारावर जा आणि खरं बोला, मग बघू.

ते गेले. मीही गेले होते. काठी टेकत उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोराचा आजार मलाच कळला न्हाई. अण्णाचा काही कसूर नव्हता. मी खोटं बोल्लो." म्हातारी माणसं खाली बघत राहिली. मी रडले, लपवत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांची स्लाइड लावली. स्वच्छ! कोपरा न् कोपरा पाहिला, एकही ब्लास्ट नाही. आधी ते कुठून आले, मलाच का दिसले, एका रात्रीत गेले कुठे... इनामदार म्हणतात, बाळूचं समाधान झालं असेल.

समोर साहेब हात जोडून बसले होते. "गेलं का, माय?"

बाळूचं समाधान झालं असेल. मी मायक्रोस्कोपवरची नजर न उचलता म्हटलं, "आहे अजून. पुढच्या महिन्यात या."