तूर कोरडी होती

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं आडत दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. त्या काळात देगलूरच्या एका व्यापाऱ्याचे पैसे मी बुडवले नाहीत, पण थकवले. एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो.

तो देगलूरच्या आसपासच्या खेड्यांतून तूर गोळा करायचा आणि माझ्याकडं धाडायचा. मी ती लातूरच्या दालमिलला विकायचो आणि पंधरा दिवसांत त्याचे पैसे चुकते करायचो. एका वर्षी मिलचे पैसे आले आणि भाव चढेल म्हणून मी ते सोयाबीनमध्ये घातले. भाव उतरला.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, तसा तो दुपारच्या बसनं यायला लागला. मी त्याला गादीवर बसवायचो, चहा पाजायचो, देगलूरच्या पाण्यापावसाची चौकशी करायचो. तेवढ्यात बायको येऊन लक्ष्मीच्या तसबिरीपुढं दिवा लावून जायची. मग मी हात जोडायचो.

"दादा, दिवा लागला. आता लक्ष्मी बाहेर कशी काढू?"

दिवेलागणीनंतर दुकानातून पैसा द्यायचा नाही, हा रिवाज तोही पाळायचा. मुकाट उठायचा आणि शेवटची बस गाठायचा. पुढच्या खेपेला तासभर आधी यायचा. उन्हाळा आला, दिवस मोठा झाला, पण माझ्या दुकानातली संध्याकाळ लवकर व्हायला लागली. मी खोकलो की बायकोनं दिवा आणायचा, असं ठरलं होतं. एकदा साडेतीनलाच खोकलो.

"अहो, ऊन उंबऱ्यात हाय अजून," ती आतून म्हणाली.

"आभाळ आलंय."

"कुठंय आभाळ?"

देगलूरकर दारापर्यंत गेला, वर बघितलं आणि परत येऊन बसला. "वहिनी, लावा दिवा," तो म्हणाला. "शेठला खोकला लई झालाय."

पुढच्या खेपेला तो पहाटेच्या बसनं आला. सकाळचे दहा, सौदे चालू, दुकानापुढं हमाल आणि व्यापाऱ्यांची गर्दी. त्या सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "शेठ, काय करून राहिले माझ्या पैशाचं?"

दिवा लावायची सोय नव्हती. सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओल्या मालाचे कसले पैसे? लातूरच्या मिलनं निम्मी पोती परत केली!"

एकही पोतं परत आलं नव्हतं.

त्यानं पिशवी उचलली. "तूर कोरडी होती, शेठ," एवढंच म्हणाला आणि गेला.

पुढच्या हंगामात मी त्याची पै न पै चुकती केली. बँकेतून पाठवली, म्हणजे त्याचं तोंड बघायला नको. पण मोंढ्यात माझं वाक्य राहिलं. त्याचा माल दुसऱ्या कुणाच्या दुकानी आला की लोक आधी दाताखाली दाणा फोडायचे, मग ओलीच्या नावाखाली वजन कापायचे. मी समोरच बसलेला असायचो. आकडे चुकलेत का बघतोय, असं दाखवत वही चाळायचो.

गेल्या महिन्यात, गुडघ्यांना पट्टे बांधून, देगलूरला गेलो. आता दुकान त्याचा मुलगा बघतो. देगलूरकर बाहेर खुर्चीत बसला होता. त्यानं मला लगेच ओळखलं.

"पैसे तर आले होते," तो म्हणाला.

"पैशासाठी न्हाई आलो. ते ओल्या मालाचं मी खोटं बोललो होतो."

"हाव, मला ठाऊक हाय. मोंढ्याला न्हाई."

"मोंढ्यात सांगतो मी."

"तोंडी नगं. तुमच्या तोंडाचा भाव मला ठाऊक हाय. लिवून द्या."

मुलानं कागद दिला. मी लिहिलं की, त्या वेळी माल थोडा दमट वाटला असावा. त्यानं चष्मा लावून वाचलं.

"'वाटला असावा' म्हंजे? कुणाला वाटला?"

मी दुसरा कागद घेतला. तूर कोरडी होती, पैसे मी सोयाबीनमध्ये घातले होते, माल ओला म्हणालो ते खोटं, असं लिहून सही केली. त्यानं दोनदा वाचलं आणि मुलाला म्हणाला, "धा झेरॉक्स आण. पैसे शेठ देतील."

मी दिले. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन उदगीरच्या मोंढ्यात फिरलो. आता गादीवर पोरंसोरं आहेत. त्यांनी कागद घेतला, न वाचताच वरखाली बघितला आणि "काका, मीटिंग कधी हाय?" असं विचारलं.

शेवटच्या दुकानात माझ्याच वयाचा एक व्यापारी होता. देगलूरच्या त्या मालातून क्विंटलमागं दोन किलो कापायची सुरुवात यानंच केली होती. त्यानं कागद सावकाश वाचला, घडी करून खिशात ठेवला. 

मग म्हणाला, "देगलूरची बस किती वाजता हाय रे?"