बाबांचे झिंगे आणि हंड्यातलं पाणी

माझ्या हातून आजवर चाळीसेक जीव गेले, आणि ते सगळे पिण्याच्या शुद्ध पाण्याने गेले.

मी तेव्हा पेणच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो. (हे वाक्य वाचून विसरून जावं, ही नम्र विनंती.) आई गेली आणि रोह्याच्या घरात एकटे पडलेले बाबा आमच्याकडे पेणला रामवाडीत राहायला आले. बाबा आले, त्यांची ट्रंक आली, आईचा तांब्याचा हंडा आला. बोलणं तेवढं रोह्याच्या पुलापलीकडेच राहिलं. सकाळी "चहा?" म्हटलं की "व्हय". संध्याकाळी "फिरायला?" म्हटलं की "नाय". मधला अख्खा दिवस कोरा! आठ महिने हे चाललं. हा माणूस असाच गप्प राहून एक दिवस आईच्या मागोमाग निघून जाईल, अशी मला खरोखर धास्ती वाटायची.

मग एकदा ते घर झाडून यायला म्हणून रोह्याला गेले आणि परत येताना एस.टी.तून मांडीवर दुधाची किटली घेऊन आले. किटलीत ओढ्यातले झिंगे होते. नखाएवढे, आरपार दिसणारे. बाबांनी काचेची पेटी आणली, तळाला वाळू घातली, ओढ्यातलं शेवाळ लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. महिन्याभराने एका सकाळी ते चक्क ओरडले.

"वंदना, इकडं ये गो! गाभोळी धरलीन!"

वंदना म्हणजे माझी बायको. तिच्या हातातलं उलथणं खाली पडलं. मी दाढी अर्धी टाकून धावलो. एका मादीच्या पोटाखाली हिरवट अंडी होती आणि बाबा आम्हाला ती मोजून दाखवत होते! त्यानंतर टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं झाली, पिल्लांनी कात टाकली, आणि बाबा दारात आलेल्या पोस्टमनलाही आत बोलावून कात दाखवू लागले. घरात पुन्हा माणसाचा आवाज आला. वंदना देवासमोर साखर ठेवून आली.

अशात रोह्याला पुतणीचं लग्न निघालं. बाबा एकटेच चार दिवस जाणार होते. निघताना बाबांनी मला पेटीसमोर उभं केलं.

"खायला चिमूटभर. आणि पाणी उतरलं तर त्या निळ्या बादलीतलं घाल. दुसरं नाय."

का, ते मी विचारलं नाही. मास्तर प्रश्न विचारतो तो उत्तर ठाऊक असलेलाच.

दुसऱ्याच दिवशी पाणी बोटभर उतरलं. निळी बादली न्हाणीघरात होती, प्लास्टिकची, एका कडेला तडकलेली.

"अहो, ह्यातलं घालायचं?" वंदना म्हणाली. "बाबांचा जीव आहे त्या झिंग्यांत. पाहुण्याला आपण बादलीतलं पाणी देतो का?"

पटलं! आमच्याकडे पाहुण्याला पाणी हंड्यातलंच. वंदनाने आईचा हंडा चिंच-मीठ लावून आतून-बाहेरून घासला, रात्रभर पाणी भरून ठेवलं, आणि सकाळी मी त्यातले दोन तांबे मोठ्या भक्तिभावाने पेटीत ओतले.

दुपारी एक झिंगा आडवा झाला.

"पाणी खराब झालंय," मी शास्त्रीय निदान केलं. "अर्धं काढू आणि स्वच्छ घालू."

वंदनाने हंडा पुन्हा घासला. संध्याकाळी दहा झिंगे आडवे! शेजारच्या म्हात्रेकाकू डोकावल्या. "नजर लागली असेल गो. पाणी बदला." आम्ही आणखी बदललं. वंदनाने हंडा इतका लखलखीत घासला की त्यात मला माझं तोंड दिसत होतं. (मूर्ख माणसाचं होतं, पण ते तेव्हा ओळखू आलं नाही.) रात्रीपर्यंत पेटीत नुसतं शुद्ध पाणी उरलं.

वंदना रडायला लागली. "आता ते परत गप्प झाले तर?"

चौथ्या दिवशी मी बाजारात धरमतरकडच्या एका कोळिणीपुढे डबा धरून उभा राहिलो.

"जित्ती कोलंबी हाय का?"

"हाय. पर जित्ती कशाला? मेलेली काय कालवनात ओरडते व्हय, मास्तर?"

घरी येऊन मी ती पेटीत सोडली. खाडीची, खाऱ्या पाण्याची कोळंबी ती! गोड पाणी लागताच तिने टणाटण उड्या मारल्या. चार खुर्चीवर, दोन ट्रंकेवर, उरलेल्या पलंगाखाली. मी पलंगाखाली पोटावर सरपटत असताना डोळ्यांसमोर बाबांच्या चपला आल्या.

मी बाहेर आलो. बाबा पेटीकडे बघत होते.

"पाणी कुठलं घातलंस?"

"हंड्यातलं. आईच्या."

बाबा खुर्चीत बसले. पेटीच्या काचेवरून बोट फिरवत राहिले. संपलं, मला वाटलं. झिंगे मारले ते मारले, बापही मारला.

"तुझ्या आईनं पण ह्येच केलं होतं," ते एकदम म्हणाले. "तू तेव्हा पेणला नोकरीला आला होतास. माझे पहिले झिंगे. बादलीतलं पाणी देता का त्यांना, म्हणाली, आणि हंड्यातलं ओतलंन. तांबं म्हणजे इख झिंग्याला. सगळे गेले. दोन दिवस जेवली नाय बिचारी."

आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. आता ते हसत होते आणि डोळे पुसत होते. मीही पुसत होतो. तेवढ्यात ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"तिचं ठीक हाय. ती चौथी शिकलेली. तू शाळेत काय शिकवतोस?"

तेव्हापासून बाबा जे बोलायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. पोस्टमनला सांगतात, म्हात्रेकाकूंना सांगतात, पेण-रोहा गाडीच्या कंडक्टरला तिकीट घेताघेता सांगतात. त्या आठ महिन्यांत मी गुपचूप देवाला साकडं घातलं होतं, बाबांना बोलतं कर म्हणून. कोणत्या विषयावर, ते सांगायचं मात्र राहून गेलं.