आडनाव बघून दिलेला उपचार

त्यानं आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाला, "संडास-बाथरूम. सकाळी सहाला. तुला काय शिकवावं लागणार नाही."

करंजाड्यातलं खासगी व्यसनमुक्ती केंद्र. खिडक्यांना दुहेरी ग्रील, दाराला बाहेरून कुलूप. रजिस्टर घेऊन बसलेला माणूस तिथला संचालक. त्याला सगळे 'सर' म्हणायचे. मी दाखल झाल्याचा तो चौथा दिवस. माझ्यापुढे रांगेत पामबीच रोडच्या सोसायटीतला एक शेठ होता. त्याला सर म्हणाले, "बसा ना, प्लीज." त्याला हजेरी घ्यायचं काम मिळालं. त्याच्या आधीच्याला देवघर आणि फुलं. मला ब्रश आणि ॲसिडची बाटली.

या वाटपाला तिथे नाव होतं. वर्क थेरपी.

मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. जालन्याहून आलेला माझा बाप इथे ठेकेदाराकडे गटारसफाईला होता. आई वाशीत धुणीभांडी करायची. बाप कामावरून आला की नळावर घासून घासून आंघोळ करायचा आणि मगच माझं पुस्तक हातात घ्यायचा. वाचता येत नव्हतं. नुसती पानं उलटायचा.

त्यामुळे संडास धुणं हलकं काम, असं मला कुणी सांगू नये. त्याच कामावर मी शिकलो. माझा राग कामावर नव्हता. सगळ्यांना पाळी लावली असती तर मीही गुमान धुतले असते. इथे दारू सगळ्यांना लागलेली आणि ब्रश मात्र आडनावाला.

मी प्यायचो. लपवत नाही. रबाळ्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी. आधी शनिवारी एक क्वार्टर. मग रोज. मग सकाळी तोंड धुवायच्या आधी. बाप वारला त्या वर्षी तर मी शुद्धीत कमीच होतो. शेवटी आई म्हणाली, "लेका, म्या आता किती दिस पुरणार तुला?" म्हणून मी स्वतःच्या पायांनी त्या केंद्रात गेलो. कुणी उचलून नेलं नाही.

फॉर्म इंग्रजीत होता. सरांनी तो आईपुढे सरकवला. मी ओढून घेतला. म्हटलं, मी आहे ना ग्रॅज्युएट. मोठ्यानं वाचला, आईला एकेक ओळ मराठीत सांगितली. वर्क थेरपी आली तेव्हा म्हणालो, "म्हणजे बागकाम, व्यायाम असं काहीतरी." सर गालात हसले. मी खाली सही ठोकली. इंग्रजी वाचता आलं म्हणजे सगळं कळलं, हा माज शिकलेल्या पहिल्या पिढीला असतो. मला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फिट आली. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की असं होतं, जीवही जाऊ शकतो, आणि त्याला औषध असतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की जीभ दाताखाली आली आणि तोंडात रक्त. शुद्धीवर आलो तर हात-पाय ओढणीनं कॉटला बांधलेले. सर दारात उभे. "नाटक आहे. सगळेच करतात. राहू दे तसाच." डॉक्टर नव्हता. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा आणि फाइलींवर सह्या करून जायचा.

बाजूच्या कॉटवर जनार्दनभाऊ होता. बोनकोड्याचा, साठीचा. पाणी त्यानं पाजलं. कानाशी येऊन म्हणाला, "गप ऱ्हा रे भाऊ. इथं तोंड उघरलास का मार हाय."

"तुम्ही किती वेळा आलात इथं?"

"चौथ्यांदा."

"मग सुटत कशी नाही?"

तो बोळक्या तोंडानं हसला. "इथं सुटते ना. घरी गेल्याव लागते."

याहून खरा अहवाल मी अजून वाचलेला नाही. तो शेठही तिसऱ्यांदा आला होता. त्यानं ब्रशला कधी हात लावला नव्हता, त्याला कुणी बांधलंही नव्हतं. तरी परत आलाच. म्हणजे माझा अपमान करून माझी दारू सुटणार नव्हती आणि त्याचे लाड करून त्याची सुटली नव्हती. आत कुणी पीत नव्हतं, कारण आत दारू नव्हती. सर कुलपालाच उपचार म्हणत होते. रोज सकाळी आम्हाला ओरडायला लावायचे, "मी पापी आहे. मी घरादाराला कलंक आहे." ओरडून कुणाचं लिव्हर सुधारलेलं मी पाहिलं नाही.

एक महिना झाला. घरच्यांच्या भेटीचा रविवार आला. तिथली पद्धत अशी की पेशंटनं सगळ्यांसमोर आईचे पाय परातीत धुवायचे आणि माफी मागायची. आई आली. ठेवणीतलं निळं लुगडं नेसून, पहिल्या रांगेत बसली. तिला मला जवळून बघायचं होतं. सर आले. शेठच्या आईला वाकून नमस्कार केला, "मॅडम, प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" मग माझ्या आईकडे वळले.

"मावशी, तुम्ही मागं बसा. पुढच्या खुर्च्या फॅमिलीला लागतील."

आई उठली. मागे गेली. तिला आयुष्यभर मागे बसायची सवय. मला तिची ती सवय बघवली नाही.

माझी पाळी आली. मी परात घेऊन मागच्या रांगेत गेलो, आईपुढे बसलो. सरांनी माइक घेतला. "हा आपला बघा, ग्रॅज्युएट. आला तेव्हा मान ताठ होती. आता संडास असे चकाचक धुतो की बघत राहावं. जमिनीवर आला." लोक हसले. वाईट हेतूनं नसतील हसले. पण हसले.

आईचे पाय माझ्या हातात होते. ती हळूच म्हणाली, "तुला बी तेच काम दिलं?"

मी उठलो. माइक नव्हता, पण आवाज होता. "सर, दारू मी प्यालो. माझ्या जातीनं नाही. माझ्या आईला उठवून मागं बसवलंत, ती कुठल्या आजारावरची थेरपी?"

सर म्हणाले, "खाली बस. हाच तुझा इगो. हाच तुझा रोग."

"रोग दारूचा आहे. त्याचं औषध तुमच्याकडे नाही. मी चाललो."

केंद्रात कामाला असलेली दोन पोरं मला धरायला पुढे आली. आई मधे उभी राहिली, ओल्या पायांनी. "हात लावून बघा," ती म्हणाली. एवढ्या लोकांसमोर त्यांनी हात लावला नाही. कुलूप उघडलं. पाठीमागून सर म्हणाले, "जा. आठवड्यात पिशील. लिहून देतो."

आणि मी प्यालो. आठवड्यात नाही, अकराव्या दिवशी. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

फरक नंतरचा आहे. बाराव्या दिवशी आईनं मला सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत नेलं. रांग मोठी, पंखा बंद. डॉक्टरांनी आधी नाडी बघितली, फिट कधी आली ते विचारलं आणि बांधलं होतं म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. गोळ्या दिल्या. मग समुपदेशन करणाऱ्या ताईंकडे पाठवलं. मी खाली बघून म्हणालो, "काल परत प्यालो." मला वाटलं, आता बोलणी सुरू होणार. त्यांनी विचारलं, "प्यायच्या आधी काय झालं होतं?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं. कामावर परत गेलो तर साहेबांनी सगळ्यांदेखत सॅम्पल काढून घेतलं होतं. "तुझे हात थरथरतात, लांब रहा." ताईंनी ते कागदावर लिहिलं. "म्हणजे अपमान झाला की तुमचे पाय दुकानाकडे वळतात. पुढच्या वेळी वळायच्या आत कुठं जाल, ते आज ठरवू."

विचार करा. अपमान झाला की जो पितो, त्याला त्या केंद्रात रोज अपमान पाजत होते.

ओपीडीतही चमत्कार झाला नाही. गोळीनं ओढ कमी होते, संपत नाही. ताई दर बुधवारी आमच्यासारख्यांचा गट घेतात, त्यात कुणी गळतो, कुणी टिकतो. मी त्यानंतर आणखी एकदा प्यालो. दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, गोळ्या बघितल्या, पुढची तारीख दिली. आता न पिता आठ महिने झाले.

मधल्या काळात मी तक्रार केली. अशा केंद्रांची नोंद ज्या सरकारी कचेरीत असते, तिथे. बांधून ठेवणं, डॉक्टर नसणं, कामाचं वाटप, सगळं लिहिलं. आई म्हणाली, "नाव घालायलाच लागतं का? चारचौघांत दारुड्या म्हणतील." मी म्हटलं, "निनावी कागद कोण वाचतं, आई?" तिनं पेन माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "मंग नीट अक्षरात लिही."

सरांचा फोन आला. "तू परत प्यालास, मला माहितीये. दारुड्याचं कोण ऐकणार?"

"किती वेळा प्यालो तेही लिहिलंय. वाचून घ्या."

"कंपनीत कळेल."

"कळू दे."

सोमवारी अधिकारी तपासणीला जाणार आहेत. तक्रारदारानं हजर राहावं, असं पत्र आलंय. मी रजा टाकली आहे, कारण खरं लिहून. ज्या कॉटला मला बांधलं, ती बोट ठेवून दाखवणार. त्या दिवशी आत कुणी बांधलेले सापडले, तर त्यांना माझ्यादेखत सोडवून डॉक्टरपुढे न्यायला अधिकाऱ्यांना लावणार. तोवर तिथून मी हलणार नाही. उद्या माझा तोल गेला आणि मी प्यालो, तर परवा ओपीडीच्या रांगेत उभा राहीन आणि तिथूनच पुढच्या चौकशीला जाईन. तक्रार मागे घेणार नाही.