ठाण्याहून कल्याणला, आडवं पडून

माझ्यासारखी ताठलेली पाठ असलेल्या एखाद्या बाईला कधी कल्याणला जावंसं वाटलं, तर तिच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. धडधाकट लोकांनी आगगाडीनं जावं, सुखानं बाकावर बसावं आणि हे वाचूही नये. त्यांचा मला फार राग येतो.

दोन वर्षांपूर्वी माझे मणके धरले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठीवर बोटं फिरवून सांगितलं की, हाडं एकमेकांत सांधत चालली आहेत, जन्माचं आहे, सोसायला शिका. पाठीचं एक वेळ सोसलं असतं. पण तिच्यामागून मनही गेलं. वेणी नको, जेवण नको, कुणाचा शब्द कानी नको. नुसती पडून राहायची. माझी सहा वर्षांची गोदी माझ्या उशापायथ्याशी घुटमळायची, म्हणून तिला कल्याणला माझ्या धाकट्या बहिणीकडे, यमूकडे, ठेवलं. यमूला मूलबाळ नाही. पोर गेली त्या दिवशी मी रडलेसुद्धा नाही. सगळे म्हणाले, धीराची आहे. कसला धीर? आत काही उरलंच नव्हतं.

यंदा दिवाळी झाल्यावर इकडची स्वारी कचेरीच्या कामानं कल्याणला गेली होती. परत आल्यावर हसत हसत सांगणं झालं की, गोदी झोपाळ्यावरून पडली, हे उचलायला धावले, तर पोर ह्यांच्या अंगावरून पळत गेली आणि मावशीच्या कडेवर जाऊन बसली. मावशीनं अशी चटकन वाकून उचलली म्हणे, जशी काही पिसाची.

चटकन वाकून! माझ्या पोटात अशी आग पडली की काय सांगू. दोन वर्षांत मला काही म्हणून वाटलं नव्हतं, आणि आता हे वाटलं. भिंतीला धरून उठले आणि म्हटलं, मी कल्याणला जाणार, पोरीला आणणार. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग दशम्या करायला बसल्या.

आता कसं जावं ते सांगते. बैलगाडीचं नावही काढू नका. आगगाडी झटकन पोचवते खरी, पण ताठ बसावं लागतं आणि हादरे थेट मानेत जातात. माझ्या पाठीला मानवली ती होडी. ठाण्याच्या बंदरातून कोळ्यांच्या होड्या भरतीबरोबर वर कल्याणला जातात. भाडं गाडीपेक्षा जास्त पडतं, पण आडवं होऊन जाता येतं. तळाशी पेंढा, वर गोधडी, कमरेखाली लहानशी उशी. भरतीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर चिखल बघत काठावर उभं राहावं लागेल. आणि मुंब्र्याचा डोंगर बघायचा असेल तर उजव्या कुशीवर निजून डोकं सुकाणूकडे करा. मला उजवी कूसच सोसते, डावीवर झाले की कळ मस्तकात जाते.

आमचा नाखवा म्हातारा होता आणि बोलणं सगळं त्याची बायको करायची. ती होडीच्या काठावर पाय सोडून बसली होती, डोक्यावर भरलेली टोपली, हात मोकळे. मान अशी डौलात, जशी काही टोपलीत कापूस होता. मी वाटभर तिच्या मानेकडे बघून जळत होते. तिनं विचारलं, कल्याणला कुणाकडं? म्हटलं, लेकीकडं. ती हसली. "एवरी तरनी, न लेक दिली पन?" लेक सासरी नांदते, असंच मी तिला वाटू दिलं.

मुंब्र्यापाशी खाडीच्या कडेनं आगगाडी गेली. डब्यांतून माणसं सरळ बसलेली, एक जण तर उभा राहून हात हलवत होता. हलव बाबा, तुला देवानं दिलीय पाठ. पुढे डोंबिवलीच्या अंगाला भातखाचरं कापून झालेली, पेंढ्याचा वास पाण्यावर येत होता. तिथं मी दशमी आणि लसणाची चटणी खाल्ली. भूक लागून खाल्ली, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुर्गाडीच्या किल्ल्याखाली उतरले तेव्हा उन्हं कलली होती. माझं पत्र पोचलं होतं, यमू गोदीला घेऊन धक्क्यावर उभी. पोर उंच झालेली, अंगावर मी न शिवलेलं परकर-पोलकं. मला बघून ती यमूच्या मागे सरकली. यमूनं बैलगाडीत पेंढा भरून आणला होता, पण मी काठी टेकत चालतच निघाले. त्या दोघी पुढे, हातात हात. मधूनच यमू माझ्यासाठी थांबायची आणि ते थांबणंही मला सहन होत नव्हतं.

घर शेणाळे तळ्याजवळ आहे. जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. कल्याणला गेलात तर बिरडं चुकवू नका. मला खाली पाटावर बसता येत नाही, म्हणून यमूनं न सांगता माझं ताट दोन चौरंग एकावर एक ठेवून वर मांडलं. गोदीनं बिरडं दोनदा मागून घेतलं आणि म्हणाली, मावशीसारखं कुण्णाला येत नाही. यमूनं तिला डोळ्यानं दटावलं. खोड काढायला कुठे जागाच नव्हती त्या बाईत, आणि माझा संताप त्याचाच होता. भांडायलासुद्धा काही ठेवलं नव्हतं तिनं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमू वेणी घालायला पोरीला घेऊन बसली. मी म्हटलं, आज मी घालते. पण खाली बसलेल्या पोरीपर्यंत माझे हात कुठले पोचायला! शेवटी मी झोपाळ्यावर टेकले आणि तिला पाठमोरी उभी केली. केस दाट झाले होते, आणि यमूनं लावलेल्या तेलाचा वास येत होता. पहिला पेड घातला नाही तोच ती पुढे बघतच बोलली.

"आई, तू अजून माझ्यावर रुसलीयेस?"

मी म्हटलं, मी कशाला रुसेन?

"मग मी हाका मारायचे तर तू भिंतीकडे तोंड करून का निजायचीस?"

माझे हात थांबले. घरात रुसलेलं माणूस भिंतीकडे तोंड करून पडतं, हे पोरीनं बघितलेलं. तिनं तसंच धरलं होतं. आपण काय केलं म्हणून आई रुसली, हे ती दोन वर्षं शोधत असणार. मी तिला कसं सांगू की, तेव्हा मी कुणावर रुसण्याइतकी जिवंत नव्हते. पाठ दुखणार नाही असं खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, "पाठ दुखली की निजावं लागेल मला, गोदे. पण तोंड तुझ्याकडे करीन."

"नक्की?"

"नक्की."

ती वळली नाही. म्हणाली, वेणी घट्ट नको, मावशी सैल घालते. मी चडफडत सैल घातली.

त्या दुपारी यमूनं तिचे कपडे बांधले. परकर घडी करायची, पुन्हा मोडायची, पुन्हा घडी करायची. मी खाटेवर पडून बघत होते. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुझं दुखणं मला दे आणि ही मला राहू दे."

मला वाटलं होतं, हेवा काय तो मीच करते. हिच्या कमरेचा, हिच्या कडेचा, हिच्या बिरड्याचा. आणि ही माझी मोडकी पाठसुद्धा पदरात घ्यायला तयार होती. मला तिची कीव यायला हवी होती, ती आली, पण थोडी. मनात जास्त आलं ते हेच, की गोदी माझी आहे. म्हटलं, "दोन्ही नाही देणार." यमूनं डोळे पुसले आणि गाठ मारली.

परत यायला ओहोटीची वेळ धरा, पाणीच खाली नेतं. नाखव्यानं होडीचा तोल बघून गोदीला माझ्या डाव्या बाजूला बसवलं. मी उजव्या कुशीवर, म्हणजे तिच्याकडे पाठ. तिनं एकदा हाक मारली. मी धडपडत उठले, उशी उचलली, डोकं होतं तिथे पाय केले आणि पुन्हा उजव्या कुशीवर निजले. आता ती समोर. होडीला कुठली आली उत्तर आणि दक्षिण.

घराला असते. आमची निजायची खोली म्हणजे बोळ आहे, खाट आडवी घालता येत नाही. दक्षिणेला डोकं करून उजव्या कुशीवर निजलं की समोर भिंत, आणि दार पाठीमागे. तोंड दाराकडे हवं, तर डोकं उत्तरेला. आणि उत्तरेला डोकं कुणाचं करतात, हे सांगायला नको. पोचल्या संध्याकाळी पाठ अशी पेटली की टेकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गोदी उंबऱ्यावर सागरगोटे घेऊन बसली होती आणि खेळता खेळता माझ्याकडे बघत होती. मी उशी उचलून उत्तरेला टाकली.

सासूबाई दिवा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं, सवाष्ण बाई तू. मेल्या माणसासारखी काय निजतेस?"

मी म्हटलं, "दोन वर्षं दक्षिणेलाच डोकं होतं, सासूबाई. तेव्हा मेलेलीच होते."

त्यांनी दिवा कोनाड्यात ठेवला, बाहेर गेल्या आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता आणून माझ्या उशीखाली सारला. लोखंड जवळ असावं, एवढंच पुटपुटल्या.

पाठ तशीच आहे. सकाळी उठायला अर्धी सकाळ जाते. काही दिवस पुन्हा तसे काळे येतात, घास तोंडाशी नेववत नाही. गोदी दिवसातून कितीदा तरी मावशीचं नाव काढते, आणि प्रत्येक वेळी माझं पोट जळतं. संक्रांतीला यमूला बोलावलं आहे. ती येईल, चटकन वाकून पोरीला उचलेल आणि मी खाटेवरून ते बघेन. तोंड दाराकडेच असेल.